आटण्याचा वेग: अवकल समीकरणे आणि जव्हार-मोखाड्याचा विद्यार्थी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



 ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला होते ते सर गणिताचे शिक्षक होते, म्हणून मी गणितावरच बोलायचे ठरवले. गणितातही असा विषय निवडला, की ज्याचे नाव काढले की पदवीच्या वर्गातली अर्धी मुले मान खाली घालतात: अवकल समीकरणे, म्हणजे वर्गात आपण ज्यांना डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणतो ती.

जाहीर व्याख्यानाला हा विषय जड वाटेल. पण तो शिकायला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. या समीकरणांत जे लिहिले जाते ते इथली मुले लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आली आहेत. तरीही विषय त्यांना परका वाटतो, कारण समीकरण सोडवायला आपण शिकवतो आणि मांडायला शिकवत नाही. आजचे माझे सांगणे एवढेच आहे: मांडणी हा या विषयाचा पहिला आणि मोठा भाग आहे, आणि तो भाग इथल्या मातीत, पाण्यात, माणसांत शिकता येतो.

काय असते हे समीकरण

एखादी गोष्ट किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या दोहोंमधले नाते लिहिले की अवकल समीकरण झाले. ते नाते कळले आणि आजची स्थिती ठाऊक असली, की उद्याची आणि चार महिन्यांनंतरची स्थिती काढता येते. शाळेतल्या बीजगणितात उत्तर म्हणून एक संख्या मिळते. इथे उत्तर म्हणून सगळा प्रवासच मिळतो, एक वक्ररेषा मिळते.

क्षणाच्या वेगाचा विचार आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची दिवसभराची गती आणि त्याची तात्कालिक गती वेगळ्या मानल्या. चंद्राची गती झपाट्याने बदलते, तेव्हा त्याच्यासाठी तात्कालिक गतीच घ्यावी असे त्यांनी सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापन केला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख आजही आहे. गणिताच्या अध्ययनासाठी आडवाटेवर संस्था उभी करणे ही महाराष्ट्रातली जुनी गोष्ट आहे, हे मी मुद्दाम सांगतो.

आता आपल्या वर्गात काय चालते ते पाहू. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हा विषय विस्ताराने येतो. फळ्यावर प्रकार लिहिले जातात: व्हेरिएबल सेपरेबल, होमोजिनियस, एक्झॅक्ट, लिनिअर, बर्नुली. टाइप ओळखायचा, मेथड लावायची, इंटिग्रेटिंग फॅक्टर काढायचा, शेवटी स्थिरांक लिहायचा. मुले हे मन लावून करतात आणि गुणही मिळवतात. त्यांना विचारावे, ‘हे समीकरण काय म्हणते आहे?’ तर वर्ग गप्प होतो. उपयोजनाच्या प्रकरणात मिठाच्या पाण्याची टाकी येते. एका नळाने खारे पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. ती टाकी कोणी पाहिलेली नसते, म्हणून तेही उदाहरण पाठ होते.

इथल्या मुलाच्या वाटेवर आणखी एक चढण आहे. घरात वारली, कोकणा किंवा ठाकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. बारावीला अवकल समीकरणे पहिल्यांदा भेटतात तेव्हा मूल तिसऱ्या भाषेत नवी कल्पना समजून घेत असते. त्याची ताकद चिन्हांवर खर्च होते, अर्थापर्यंत पोहोचायला ती उरत नाही. या मुलाला गणित जमत नाही असा शेरा मारण्याआधी, त्याला ठाऊक असलेले आपण किती विचारले, हे स्वतःला विचारायला हवे.

मोखाड्याची विहीर

म्हणून पाण्यापासून सुरुवात करू. या डोंगरांवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकर लागतो, बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंचीचे धरण उभे आहे. त्याचा उपयुक्त साठा १,९३,५३० दशलक्ष लिटर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा साठा मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. मुंबईचा रोजचा पुरवठा ४,००० दशलक्ष लिटरच्या आसपास धरला, तर एकट्या मध्य वैतरणेवर शहराचे सुमारे ४८ दिवस निघतील आणि सातही तलाव भरलेले असतील तर जवळपास वर्ष निघेल. जलअभियंते रोज हाच हिशेब करतात: साठ्याच्या बदलाचा वेग म्हणजे आत येणारे पाणी, वजा बाहेर जाणारे, वजा बाष्पीभवन. हे अवकल समीकरणच आहे.

पाड्यावरच्या विहिरीलाही हेच समीकरण लागू होते. फक्त तिच्या वतीने ते कोणी लिहीत नाही. आपण लिहू.

आपला डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी मावते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत, आणि तेही थोडे. पावसाळा संपला की हे मुरलेले पाणी फटींतून उताराला निघून जाते. पातळी जितकी उंच तितका दाब जास्त, म्हणून तितके जास्त पाणी वाहते. याचा अर्थ, पातळी उतरण्याचा वेग पातळीच्या प्रमाणात असतो. त्या प्रमाणाच्या स्थिरांकाला ‘क’ म्हणू. हे झाले डोंगराचे काम. माणसाचा उपसा वेगळा: पाणी जास्त असो वा कमी, रोज लागते तेवढे लागतेच. तेव्हा समीकरण असे: पातळी उतरण्याचा वेग = क गुणिले पातळी, अधिक रोजचा उपसा.

पुस्तकातल्या ‘लिनिअर’ प्रकारात हे समीकरण बसते, इंटिग्रेटिंग फॅक्टर लावून चार ओळींत सुटते. आता आकडे घालू. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, खरे आकडे विद्यार्थ्यांनी मोजायचे आहेत. समजा १५ नोव्हेंबरला विहिरीत ४ मीटर पाणी आहे आणि निव्वळ झिरपण्याने ते दर ४० दिवसांनी निम्मे होते. कोणी थेंबही उपसला नाही, तर १२० दिवसांत ते तीनदा निम्मे होईल आणि १५ मार्चला अर्धा मीटर उरेल. आता उपशामुळे विहीर आणि तिच्याभोवतीच्या मुरलेल्या पाण्याची पातळी रोज १ सेंटिमीटर उतरते असे धरा. मग उत्तर वेगळे येते. विहीर साधारण १२०व्या दिवशी, म्हणजे मार्चच्या मध्यावर, पूर्ण कोरडी पडते. टँकर कधी लागणार, ती तारीख नोव्हेंबरातच कागदावर आली.

हे समीकरण पुढे जे सांगते ते मला या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते. समजा, गावाने दोहोंपैकी एक काम करायचे ठरवले. पहिला पर्याय, विहीर खोल करून नोव्हेंबरातले पाणी दुप्पट, म्हणजे ८ मीटर करायचे. दुसरा पर्याय, ओढ्यांवर वनराई बंधारे घालून आणि उतारावर समतल चर खणून पाणी निसटण्याचा वेग निम्मा करायचा, म्हणजे पाणी ४० ऐवजी ८० दिवसांत निम्मे होईल. अंदाजाने कोणीही म्हणेल की दोन्हींचा फायदा सारखाच. समीकरण तसे म्हणत नाही. पहिल्या पर्यायात विहीर २० एप्रिलच्या सुमाराला आटते, दुसऱ्यात ६ मेच्या सुमाराला. साठा दुप्पट करण्यापेक्षा आटण्याचा वेग निम्मा केल्याने दोन आठवड्यांहून अधिक काळ जास्त मिळतो. आणि दोन्ही कामे केली तर? विहीर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकते, म्हणजे तोवर पाऊस येऊन पोहोचलेला असतो.

हे फळ्यावरचे गणित एका पाड्याच्या उन्हाळ्याचा निर्णय घेऊ शकते. अट एकच: ‘क’ची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोरी, दगड, वही आणि दर रविवारी विहिरीवर जाणारे कोणीतरी एवढे पुरते. नोंदी झाल्या की कळेल की ‘क’ सगळीकडे सारखा नाही. खोल गेल्यावर फटी कमी होतात, मग तो बदलतो. तिथे समीकरण सुधारावे लागेल. ते सुधारताना विद्यार्थी जे शिकेल ते कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

वजनाचा आलेख

दुसरे उदाहरण देताना मन जड होते, पण जव्हारमध्ये उभे राहून ते टाळता येणार नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. साऱ्या महाराष्ट्राला तेव्हा या गावांची नावे कळली. पुढे योजना आल्या, प्रकल्प आले, तरी २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या.

अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचे वजन होते आणि वाढीच्या आलेखावर ठिपका पडतो. दोन बालके घ्या, सारख्या वयाची, दोघांचे वजन आज ९ किलो. एकाचे तीन महिन्यांपूर्वी ८ किलो ४०० ग्रॅम होते, दुसऱ्याचे ९ किलो ६०० ग्रॅम. आजचा ठिपका एकाच जागी पडला, पण पहिले बाळ वाढते आहे आणि दुसरे झिजते आहे. फक्त आजचा ठिपका पाहणारा माणूस दोघांना एकाच रकान्यात टाकील. रेषेचा उतार पाहणारा माणूस दुसऱ्या बाळाच्या घरी त्याच दिवशी जाईल.

आणखी बारकाईने पाहिले तर वजन वाढत असतानाही वाढीचा वेग मंदावलेला दिसतो. रेषा खाली वळण्याआधी सपाट होऊ लागते. वेगाच्या या बदलाला आपण दुसरे अवकलन म्हणतो आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारतो. अनुभवी अंगणवाडी सेविका ते नाव न घेता तोच बदल ओळखते. गणिताच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे जावे, तिच्यापुढे नम्रपणे बसावे, ती आलेख कसा वाचते ते समजून घ्यावे, आणि मग स्वतःची भाषा त्या आलेखाच्या कामी लावावी. दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर, रेतीच्या कामावर भिवंडी-वसईकडे जातात. मूल त्यांच्याबरोबर जाते आणि आलेखातले ठिपके थांबतात. त्या रिकाम्या महिन्यांत वक्र कुठे गेला असेल, याचा अंदाज घेणे हे खरे गणिती काम आहे, आणि त्यावर एका बाळाची तब्येत अवलंबून असते.

कोसंबींनी काय केले

कोणी म्हणेल, ही समाजसेवा झाली, यात उच्च गणित कुठे आहे? त्यांच्यासाठी मी एका मोठ्या गणितज्ञाचे काम सांगतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. इतिहासकार म्हणून मराठी वाचकाला ते माहीत आहेत. पेशाने ते गणितज्ञ होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकवत होते आणि पुढे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये गेले. दुसऱ्या क्रमाच्या (सेकंड ऑर्डर) अवकल समीकरणांच्या संचामागे कोणती भूमिती दडलेली असते, यावर त्यांनी १९३३ साली जर्मनीतल्या एका प्रतिष्ठित गणित नियतकालिकात लेख लिहिला. त्याच अंकात, त्या लेखाला लागून, फ्रान्सचे थोर भूमितितज्ज्ञ एली कार्तान यांनी त्यावर टिपण लिहिले. १९३९ मध्ये गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली. आज जगभर ही उपपत्ती कोसंबी-कार्तान-चर्न या नावाने ओळखली जाते. पुण्यातल्या महाविद्यालयातून निघालेले हे काम आहे.

पण आज मला त्यांचे दुसरे, लहान समीकरण सांगायचे आहे. ते आनुवंशिकीचे आहे. एकाच गुणसूत्रावर दोन जनुके असली, तर पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात, त्या प्रमाणाला ‘र’ म्हणू. दोघांमधले नकाशावरचे अंतर ‘क्ष’. अंतर वाढले की र वाढतो, पण अर्ध्याच्या पुढे जात नाही. १९१९ मध्ये जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी मानले होते, की गुणसूत्रावरचा एक तुटवा (क्रॉसओव्हर) दुसऱ्या तुटव्याला आडकाठी करत नाही. त्यांचे समीकरण: र वाढण्याचा वेग = १ वजा २र. प्रत्यक्षात जवळजवळचे तुटवे एकमेकांना आडकाठी करतात. अगदी जवळ असले तर पूर्ण, दूर गेले की ती आडकाठी नाहीशी होते. ही गोष्ट समीकरणात कशी आणायची?

कोसंबींनी साधी वाट काढली. दुसरा तुटवा होण्याची मोकळीक किती, हे त्यांनी २र ने मोजले. र शून्य असताना मोकळीक शून्य, र अर्धा झाला की मोकळीक पूर्ण. हा गुणक हाल्डेन यांच्या समीकरणात घातला, की समीकरण होते: र वाढण्याचा वेग = १ वजा ४ गुणिले र गुणिले र. हे व्हेरिएबल सेपरेबल आहे, आंशिक अपूर्णांक केले की पाच ओळींत सुटते. दुसऱ्या वर्षाची कोणतीही विद्यार्थिनी ते सोडवील. ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भातासारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी आजही कोसंबी फलन वापरले जाते.

या पाच ओळींत कोसंबींची प्रतिभा कुठे आहे? सोडवण्यात नाही. ती त्या २र मध्ये आहे. जीवशास्त्रज्ञ काय पाहतात ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले, त्यातले सार एका गुणकात आणले, आणि दोन्ही टोकांना ते खरे ठरते याची खात्री केली. मी मांडणी म्हणतो ती हीच. जव्हारच्या मुलीला विहिरीच्या ‘क’वर विचार करताना नेमके हेच करायचे असते: पाहायचे, ऐकायचे, सार काढायचे, टोकाला तपासायचे.

मुंबईचा प्लेग आणि गृहीतकांची तपासणी

मांडलेले समीकरण तपासावेही लागते. त्याचा धडा आपल्या मुंबईनेच जगाला दिला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची अनेक वर्षे दर मोसमात तो परत येत राहिला. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणिती उपपत्तीवर निबंध लिहिला. मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, तरी त्यांनी हे गणित केले. निरोगी, आजारी आणि साथीतून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन गट करायचे. नवे आजारी होण्याचा वेग निरोगी आणि आजारी यांच्या गाठीभेटींवर ठरतो. यातून त्यांना दिसले, की निरोगी माणसांची संख्या एका उंबरठ्याखाली उतरली की सगळ्यांना गाठण्याआधीच साथ ओसरते. पुरावा म्हणून त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले. त्यांचा वक्र त्या आकड्यांवर सुंदर बसला.

पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसांत येतो, आणि मुंबईत त्याचे येणे-जाणे ऋतूंशी बांधलेले होते. समीकरणातले स्थिरांक मात्र ऋतूनुसार बदलत नव्हते. वक्र आकड्यांवर बसला म्हणून त्यामागची सगळी गृहीतके खरी ठरत नाहीत. कोविडच्या काळात हीच तीन गटांची समीकरणे देशभर चर्चेत आली, आणि त्यांच्या भरवशावर अनेक भाकिते झाली. ज्याने एकदा तरी स्वतः समीकरण मांडले आहे तो भाकीत ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारतो: तुम्ही काय धरून चालला आहात?

सिद्धान्तही याच पाण्यात आहे

एक शंका शिक्षक नेहमी काढतात. विहिरी मोजत बसलो तर पिकार्ड, लिपशिट्झ, अस्तित्व आणि एकमेवतेची प्रमेये कधी शिकवायची? माझे उत्तर असे, की तीही इथेच शिकवता येतात.

तळाशी तोटी असलेली पाण्याची टाकी घ्या. टोरिचेलीच्या नियमानुसार पाणी उतरण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आज टाकी अर्धी आहे हे माहीत असेल तर काल ती किती होती ते काढता येते. पण आज टाकी कोरडी असेल तर? ती आज सकाळी कोरडी झाली, काल झाली की आठवड्यापूर्वी, हे कोरड्या टाकीकडे पाहून सांगता येत नाही. शून्यापाशी एकाच स्थितीला अनेक भूतकाळ जुळतात. याच ठिकाणी लिपशिट्झची अट मोडते, आणि एकमेवतेची हमी जाते. ती अट पाठ करणाऱ्या मुलाला हे एकदा दाखवा. प्रमेयात ती अट का घातली आहे ते त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

तसेच, प्रत्येक समीकरण सूत्राने सुटते हा समज आपल्या अभ्यासक्रमातून नकळत पसरतो. यच्या बदलाचा वेग म्हणजे क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग, इतके साधे दिसणारे समीकरणही नेहमीच्या फलनांत सुटत नाही. या जातीच्या समीकरणांबद्दल ल्युव्हिल यांनी १८४१ मध्येच ते दाखवले. म्हणून ऑयलरची पद्धत हवी: आजची पातळी घ्या, तिच्यावरून आजचा वेग काढा, उद्याची पातळी लिहा, पुन्हा तेच करा. गुणाकार आणि वजाबाकी एवढेच यात लागते, आणि समीकरण चालते कसे ते डोळ्यांना दिसते. माझ्या मते विषयाची सुरुवात इथून व्हावी, सूत्रे मागाहून यावीत.

काय करता येईल

याच पालघर जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षणाचा एक मोठा प्रयोग केला. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर नेली, आणि दगड, पाने, बिया यांतून शिकवले. बालशिक्षणात या भूमीने देशाला वाट दाखवली. तेच तत्त्व पदवीच्या वर्गाला लावायला आपल्याला काय अडचण आहे?

माझ्या सूचना थोड्या आहेत. पहिल्या महिन्यात एकही समीकरण सोडवू नका, फक्त मांडा. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या पाड्यावरची एक विहीर द्या आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत तिची वही ठेवायला सांगा. मंडळनिहाय पर्जन्याच्या नोंदी मिळतात, त्या वहीला जोडा. गृहीतके कोणत्याही भाषेत सांगू द्या, मराठीत, वारलीत, कोकणा बोलीत. चिन्हे सगळीकडे तीच असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक या कामाला द्या, म्हणजे वेगळी परवानगी मागायची वेळ येणार नाही. आणि परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा, की ज्यात प्रसंग दिला आहे, समीकरण विद्यार्थ्याने लिहायचे आहे, आणि काय धरले व का धरले याला गुण आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी शेवटचे बोलतो. वैतरणेच्या खोऱ्यात आणखी प्रकल्प येतील, गारगाई-पिंजाळ धरणांची चर्चा तुम्ही ऐकतच आहात. प्रत्येक प्रकल्पाबरोबर एक अहवाल येतो आणि प्रत्येक अहवालाच्या पोटात अशी समीकरणे असतात: किती पाणी येईल, किती जाईल, किती उरेल, किती कुटुंबांना पुरेल. ते अहवाल ग्रामसभेत वाचले जातील तेव्हा तुमच्या गावातला कोणीतरी उठून विचारू शकला पाहिजे की हा स्थिरांक कुठून आणला, उन्हाळ्यातला उपसा धरला का, आमच्या विहिरींच्या नोंदींशी हा वक्र जुळतो का. तो प्रश्न विचारायला बाहेरून तज्ज्ञ येण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या वर्षाचे गणित त्यासाठी पुरेसे आहे, तुमच्या गावाची वही तुमच्याजवळ असेल, आणि या डोंगरावर कोणते पाणी किती दिवस टिकते हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. हे गणित तुमचे आहे. ते गावासाठी शिका, आणि आलेले प्रत्येक उत्तर स्वतः तपासून मगच मान्य करा.